बोट दाखवा, तोंडाने बोला

कँटीनमध्ये जेवणाची सुट्टी तीस मिनिटांची. त्यातली बारा रांगेत आणि हात धुण्यात जातात. उरलेल्या अठरा मिनिटांत जेवायचंही आणि बोलायचंही, त्यामुळे आमच्या टेबलावर कुठलाच किस्सा त्या दिवशी पुरा होत नाही. शेवट उद्यावर जातो, आणि उद्यापर्यंत दुसरा घडलेला असतो. असं करत करत दीड वर्षात इतके साठलेत की सुवर्णा म्हणते, आपल्याला किस्से ठेवायला वेगळा लॉकर द्यायला पाहिजे.

आम्ही तिघी. मी प्रणाली, दापोडीची. राणी परभणीकडची, थेरगावात चार मुलींबरोबर खोली घेऊन राहते. आणि सुवर्णा चाकणजवळच्याच गावातली, स्कूटीवर दहा मिनिटांत येते. आमचा प्लांट उभा आहे ती जमीन एके काळी तिच्या आजोबांची होती. पहिल्याच दिवशी तिने ओळख म्हणून मला सांगितलं, "तू उभी हायेस ना, तिथं आमचा बांध व्हता." मी नकळत बाजूला सरकले.

आमची योजना काम करत शिकण्याची. आठवड्यातले चार दिवस लाईनवर, दोन दिवस कँटीनच्या वरच्या मजल्यावर वर्ग. तीन वर्षांनी डिप्लोमा. फी कंपनी भरते, वर महिन्याला हातात विद्यावेतन. बाबांची पिंपरीतली कंपनी बंद पडली तेव्हा मी अकरावीत होते. ते एका सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीला लागले आणि माझी कॉलेजांची माहितीपत्रकं कपाटावर गेली. ही योजना मिळाली नसती तर माझं शिक्षणही तिथेच राहिलं असतं.

करारात एक ओळ ठळक अक्षरात होती: परीक्षेत गैरप्रकार आढळल्यास योजनेतून तत्काळ कमी करण्यात येईल. बाबांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, ही तुला लागू नाही. मलाही तसंच वाटलं. गैरप्रकाराला हिंमत लागते. मी कुकरच्या शिट्टीला दचकते.

*

त्या दचकण्याने माझा इंटरव्ह्यूच जायचा होता.

समोर एचआरच्या मॅडम. सगळं नीट चाललं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, प्लांटमध्ये आवाज फार असतो, भीती वगैरे वाटत नाही ना? मी म्हणाले, अजिबात नाही. आणि नेमका त्याच वेळी पाळी बदलायचा भोंगा वाजला.

मी खुर्चीतून उठले म्हणणं कमी होईल. मी उडाले. मॅडमचा पाण्याचा ग्लास त्यांच्याच कागदांवर आडवा झाला, त्यात माझा अर्जही भिजला. मी रुमालाने अर्ज टिपत सॉरी म्हणत राहिले. संपलंच म्हटलं.

मॅडमनी भिजलेल्या अर्जावर पेनाने काहीतरी खूण केली आणि शेजारच्या सरांना म्हणाल्या, "कान उत्तम आहेत. घेऊन टाका."

नंतर कळलं ते कानांचं. आम्ही गाडीच्या वायरींचे जुडगे बनवतो. वायरीच्या टोकाचा प्लग दुसऱ्या प्लगमध्ये नीट बसला की बारीक 'टिक' असा आवाज येतो. तो ज्याला ऐकू येतो तो माणूस लाईनवर चालतो. मला तर शेजारच्या लाईनवरचा टिकसुद्धा ऐकू यायचा. त्यालाही दचकायचे.

*

आमचे लाईन लीडर गवारे काका. बावीस वर्षं याच कामात. त्यांचा नियम एकच: प्लग बसवला की त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "ओके." प्रत्येक प्लगला. दिवसाला किती वेळा ते मी मोजलेलं नाही, पण घरी जाताना घसा बसलेला असायचा.

पहिला आठवडा मला लाज वाटली. निर्जीव वस्तूला बोट दाखवून ओके म्हणायचं, तेही मोठ्याने! मी आपली ओठ हलवायचे. काका येऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ओके म्हणतेस का? मी म्हटलं, म्हणते काका, मनात.

"मनातलं ओके कंपनीला ऐकू येत नाही," काका म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं की डोळे खोटं बोलतात. रोज तेच ते बघून त्यांना न बसलेला प्लगसुद्धा बसलेला दिसतो. पण बोट न्यायचं म्हटलं की मान वळते, तोंड उघडायचं म्हटलं की लक्ष जागं होतं. डोळे, बोट आणि तोंड, या तिन्हींमधून चूक निसटत नाही. हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की पंधरा दिवसांत आम्ही तिघी बोलायला लागलो, आणि महिन्याभरात आम्हाला थांबता येईना.

*

पहिलं विद्यावेतन जमा झालं त्या दिवशी राणीला घेऊन डांगे चौकातल्या एटीएमला गेले. मला कॅल्क्युलेटर घ्यायचा होता, वर्गात सगळ्यांकडे होता आणि मी राणीचा उसना वापरायचे.

मशीनने विचारलं, खात्री आहे का? मी आकडा वाचला, बोट दाखवलं, ओके म्हटलं. नोटा आल्या. नोटांना बोट दाखवलं, ओके. पावती आली. पावतीलाही ओके. मग कार्ड.

मागून रांगेतले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ताई, सगळं ओके असेल तर निघा."

*

प्रत्येकीच्या डोक्यावर एक लाल दोरी असते. काही चुकलेलं दिसलं की ओढायची. लाईन थांबते, खेळण्यातल्यासारखी एक धून वाजते आणि काका धावत येतात.

आम्ही रुजू झाल्याच्या तिसऱ्या आठवड्यात राणी गावाहून आली होती. तिच्या आईने तिळाचे लाडू दिले होते. तिने प्रेमाने मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दचकले आणि हाताला जे लागलं ते धरलं. हाताला दोरी लागली.

धून वाजायला लागली. काका आले, मेंटेनन्सवाले आले, क्वालिटीच्या मॅडम आल्या. सगळे माझ्यासमोरचा जुडगा उलटसुलट करून बघतायत आणि त्यात काहीच चूक नाही. राणी लाडू पाठीमागे लपवून उभी.

आमच्याकडे लाईन थांबली की एका कागदावर पाच वेळा 'का' लिहावं लागतं. खोटं लिहायचं नाही, हाही काकांचा नियम. त्यांनी मला समोर बसवून तो कागद भरला. लाईन का थांबली? दोरी ओढली. का ओढली? ऑपरेटर दचकली. का दचकली? मागून खांद्यावर हात ठेवला. का ठेवला? लाडू द्यायला. लाडू का? इथे राणी रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, ही पहाटे साडेपाचच्या बसला येती. उपाशी असती ओ. मी बघते ना रोज."

काकांनी पाचव्या 'का'समोर लिहिलं: सकाळी नाश्ता नाही.

तो कागद वरच्या मीटिंगला गेला. मी चार दिवस नीट झोपले नाही. पुढच्या सोमवारी नोटीस लागली: पहिल्या पाळीचा चहा-नाश्ता आता काम सुरू होण्याआधी मिळेल, सर्व लाईनना.

आणि माझ्या जागेवर एक पाटी लागली, ती अजून आहे. 'येथे मागून हाक मारू नये.' प्लांट बघायला पाहुणे आले की तिचा फोटो काढतात.

*

घरी हे सगळं लपलं नाही. गॅस बंद केला की बोट, ओके. मोरी धुतली, ओके. आई म्हणाली, कुणाला सांगतेस गं, भिंतीला?

बाबा जुन्या कंपनीबद्दल कधी बोलत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि मला सगळं परत करून दाखवायला लावलं. मी टेबलावर दोन पेनांची टोपणं ठेवून दाखवलं: बसवायचं, ओढून बघायचं, बोट, ओके. त्यांनी स्वतःही एकदा करून पाहिलं. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला वरचं पेर नाही, कंपनीतल्या प्रेस मशीनवर गेलंय. ते आखूड बोट टोपणावर थोडा वेळ तसंच राहिलं.

"आमच्या वेळी बोट कुठे ठेवायचं, हेच कुणी सांगत नव्हतं," बाबा म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता ड्युटीला निघताना ते कुलूप ओढून बघतात आणि जिन्यात ओके म्हणतात. आई म्हणते, एक होती, आता दोन झाले.

*

राणीला बघायला आले होते, तो किस्सा तिने तीन दिवस पुरवून सांगितला.

तिच्या घरच्यांचं म्हणणं, डिप्लोमा लग्नानंतर करता येतो. राणीचं म्हणणं, कुणाचा झालेला दाखवा. पण सुट्टीत गावी गेल्यावर पाहुणे येऊन बसलेच होते. हिने मुकाट्याने साडी नेसली आणि पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेली. मुलाचे काका, मामा, वडील, मध्ये मुलगा. मुलाने बसल्या बसल्या विचारलं होतं की कंपनी कधी सोडणार.

राणीने बशा ठेवल्या. आणि सवय ती सवय. काकाच्या बशीला बोट, ओके. मामाच्या बशीला बोट, ओके. वडिलांच्या, ओके. तिच्या आईने डोळे मिटून घेतले.

"मग बोट त्याच्यापाशी गेलं," राणी म्हणाली, "आन् थांबलं. बशीवर न्हाई गं, त्याच्यावरच. तोंडातून शब्दच येईना मला."

सुवर्णाने घास खाली ठेवला. "मग?" तिने विचारलं.

आमच्याकडे ज्या मालाला ओके म्हणता येत नाही, तो टाकायला प्रत्येक टेबलाखाली एक डबा असतो.

"मग काय," राणी म्हणाली, "लाल डबा."

*

सत्राची परीक्षा आली. सेंटर बाहेरच्या एका कॉलेजात होतं, तिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. आदल्या दिवशी काकांनी आम्हा तिघींना बोलावून सांगितलं, पेपरला घाबरू नका, इथे करता तसंच तिथे करा.

आम्ही तसंच केलं.

पहिला पेपर इलेक्ट्रिकलचा. सुरुवातीला पर्यायांचे प्रश्न. मी पहिल्या रांगेत, राणी मधल्या, सुवर्णा भिंतीकडे. मी उत्तर लिहिलं, तपासलं. पुढचं लिहिलं, तपासलं. मला खरंच वाटत होतं की वर्गात शांतता आहे. मग माझ्या बाकावर एक सावली पडली आणि मी इतकी दचकले की पेन तिसऱ्या बाकापर्यंत गेलं.

आमच्या वर्गावरच्या पर्यवेक्षक, शितोळे मॅडम. पांढरी साडी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. त्यांनी माझी उत्तरपत्रिका उचलली. मग राणीची. मग सुवर्णाची. म्हणाल्या, चला.

सेंटरप्रमुखांच्या खोलीत त्यांनी सगळं मांडलं. पहिल्या रांगेतली मुलगी उत्तराला बोट लावून ओके म्हणते. दोन मिनिटांनी मधली म्हणते. मग भिंतीकडची. हा सरळ इशारा आहे. "तीस वर्षांत चिठ्ठ्या बघितल्या, हातावर लिहिलेलं बघितलं," त्या म्हणाल्या, "पण इतकं उघड नव्हतं बघितलं."

मला फक्त ती ठळक अक्षरातली ओळ दिसत होती, आणि ती दोनदा वाचणारे बाबा. राणी योजनेतून कमी झाली असती तर लाल डब्यातला तो मुलगा परत बाहेर निघाला असता, हे आम्हाला तिघींनाही माहीत होतं.

सुवर्णाच बोलली. "सर, आमी कापी न्हाई केली. आमाला सवय हाय. कंपनीत तसंच करत्यात."

सेंटरप्रमुख म्हणाले, कंपनीत परीक्षा देतात का? मग त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि लेखी खुलासा द्यायला सांगितलं. तो वाचून प्रकरण वर पाठवायचं की नाही ते ठरवणार होते.

अक्षर माझं बरं, म्हणून मी लिहिलं. 'आम्ही खाली सही करणाऱ्या तिघी लिहून देतो की, काम तपासून झाल्यावर त्याकडे बोट दाखवून मोठ्याने ओके म्हणण्याची आम्हाला कामाच्या ठिकाणी सवय लागली आहे. त्यात कोणताही इशारा नव्हता. यापुढे असे होणार नाही.'

मी खाली सही केली. सगळं परत एकदा वाचलं. आणि सहीला बोट दाखवून मोठ्याने म्हणाले, "ओके."

'यापुढे असे होणार नाही' याची शाई अजून ओली होती.

मी तोंडावर हात ठेवला. राणीने घाबरून माझ्याकडे बघितलं, कागद ओढला, सही केली. ओके. सुवर्णाने सही केली. तिने ओठ घट्ट मिटून धरले होते, पण बोट गेलं आणि बोटामागून तोंड उघडलं. ओके.

सेंटरप्रमुखांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी खिडकीकडे बघितलं. मग सरांनी विचारलं, तुमच्या साहेबांचा नंबर आहे का? आम्ही काकांचा दिला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मागून आमच्या लाईनचा आवाज येत होता, ओके, ओके, ओके. सरांनी सांगितलं, तुमच्या तीन मुली इथे प्रत्येक उत्तराला बोट दाखवतायत.

काकांनी विचारलं, "आणि तोंडाने बोलतायत का? मोठ्याने?"

"हो."

"मग आमच्याच आहेत. पेपर द्या त्यांना."

*

पेपर मिळाला, गेलेली पंचवीस मिनिटंही मिळाली. फक्त आम्हाला तिघींना शेवटच्या रांगेत तीन टोकांना बसवलं, आणि उरलेल्या सगळ्या पेपरांना मॅडम आमच्याच वर्गावर राहिल्या. त्यांनी नियम घालून दिला होता: बोट चालेल, ओके मनात म्हणायचं. मला काकांचं 'मनातलं ओके' आठवलं. चार पेपर मी जीभ दातांखाली धरून लिहिले. शेवटच्या पेपरला जिभेला फोड आला होता.

त्या दिवशी घंटा झाली, सगळे गेले. आम्ही तिघी मागेच बसून राहिलो होतो. संपलं होतं, आणि आम्ही अजून योजनेत होतो. राणीने बाकावर डोकं टेकलं होतं. सुवर्णा चपलेचा पट्टा लावत खाली वाकली होती.

पुढे टेबलाशी मॅडम उत्तरपत्रिका मोजत होत्या. एकदा मोजल्या, आकडा लिहिला. परत मोजल्या. गठ्ठा ठोकून सारखा केला, पाकिटात घातला, दोरा बांधला, गाठ ओढून बघितली, वर लाल लाख लावून शिक्का मारला. पर्स खांद्याला अडकवली आणि गठ्ठा उचलायला हात पुढे केला.

मग हात मागे घेतला. दाराबाहेर बघितलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं. मागे आम्ही आहोत हे त्यांना दिसलं नसावं.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शिक्क्याकडे बोट दाखवलं.